विवराच्या काठावर नेण्याआधी : गोव्यातल्या सहल आयोजकांना खुले पत्र

पणजी, म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव, वास्को आणि जिथून जिथून परदेश सहली निघतात तिथल्या सर्व आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

चवथ उरकली की तुमची हिवाळी सहलींची पत्रकं हातात पडायला लागतात. हल्ली त्यांत ज्वालामुखी हमखास असतो. बालीच्या सहलीत बातूर, जावाच्या सहलीत ब्रोमो नाहीतर इजेन, इटलीच्या सहलीला जोडून एटना. एक पत्रक आत्ता माझ्यासमोर आहे. कोणाचं ते सांगत नाही, कारण इतरांची पत्रकंही साधारण याच वळणाची असतात. चौथ्या दिवसाच्या रकान्यात पहाटे दोनला हॉटेलवरून निघणं, टॉर्चच्या उजेडात चढण, विवराच्या कडेवरून सूर्योदय आणि वाफेवर उकडलेली अंडी आहेत, शाकाहारी मंडळींसाठी केळी. त्याखाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के सुरक्षित’. पैसे परत मिळणार नाहीत ही अट त्याच्याही खाली, भिंग घेऊन वाचावी अशा टायपात.

नोकरीची सगळी वर्षं मी भूगोल शिकवला आणि ज्वालामुखी हा माझा पोराटकीपासूनचा नाद. म्हणून अशाच एका सहलीच्या माहिती-सभेला मी मुद्दाम जाऊन बसलो. प्रश्नोत्तरांत विचारलं, ज्या दिवशी तुम्ही माणसं वर नेणार, त्या दिवशी डोंगराखालचं कंपन किती आहे हे कोण बघतं? उत्तर आलं, “सर, कांय जावचें ना. रोज हजार मनीस चडटात.” मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, जमीन थरथरते ती पायाला कळते का हो? ‘कळते तर! तीच तर मजा,’ असं उत्तर मिळालं, हॉलभर हशा पिकला आणि तिथल्या तिथे काहींनी नावंही नोंदवली.

दोन्ही उत्तरं चुकीची होती. हे पत्र त्यासाठी.

पायाला कळण्याचं आधी निकालात काढू. वेधशाळा ज्याला ‘ट्रेमर’ म्हणतात ते ज्वालामुखीखालचं कंपन माणसाला बहुतेक वेळा जाणवत नाही. जमीन हलते ती मायक्रोमीटरच्या हिशेबात. ते टिपायला भूकंपमापक लागतो आणि रेषा वाचणारा माणूस लागतो. तुमच्या पाहुण्यांना विवराच्या कडेवर पायाखाली काही जाणवलंच, तर ती मजा करायची वेळ नसून खाली उतरायची असते.

आता ट्रेमर म्हणजे काय ते. साधा भूकंप म्हणजे खडक तुटणं. यंत्रावर त्याची सुरुवात धारदार दिसते. आधी वेगाने येणारी पी लहर, मागोमाग तिच्याहून संथ एस लहर, मग रेषा हळूहळू निवत जाते. किल्लारीचा किंवा कोयनेचा भूकंप या जातीचा. ट्रेमरला अशी सुरुवातच नसते. सरळ चाललेली रेषा जाड होते आणि जाडच राहते. कधी दहा मिनिटं, कधी दहा तास, कधी महिनोन्महिने. सेकंदाला साधारण एक ते पाच वेळा, म्हणजे एक ते पाच हर्ट्झच्या आसपास, जमीन मागेपुढे होत राहते. इथे खडक तुटत नसतो. भेगांतून वायू, वाफ, उकळतं पाणी किंवा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, सरकत असतो आणि त्याच्या दाबाने भेगेच्या भिंती हलत असतात.

हे कसं घडतं ते गोव्यातल्या माणसाला समजायला मुळीच जड नाही. आरतीला घुमट, म्हणजे आपलं कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवणाऱ्याचा डावा हात बघा. मागचं अरुंद तोंड तो तळव्याने झाकतो, सोडतो, अर्धं झाकतो. कातडं तेच आणि थापही तीच, पण आतल्या हवेला वाट किती मिळते त्यावर नाद फिरतो. द्रवाने भरलेली भेग अशीच घुमते, हे बर्नार्ड शुए या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात गणिताने मांडलं. भेग किती लांब, आतल्या द्रवात बुडबुडे किती, वरचं तोंड मोकळं आहे की खनिजांचे थर बसून बुजलंय, यावर कंपनाची वारंवारता आणि ते किती वेळ रेंगाळतं हे ठरतं. म्हणून वेधशाळेतला माणूस ट्रेमर किती मोठं एवढंच बघत नाही, त्याचा सूर बदलला का तेही बघतो.

आणि खोली. हवाईच्या खाली तीस-चाळीस किलोमीटरवरही कंपनं होतात. त्यांना घाबरून उद्याची सहल रद्द करायचं कारण नाही. प्रश्न उथळ ट्रेमरचा आहे, विवराखाली काहीशे मीटरपासून एक-दोन किलोमीटरपर्यंतच्या. मॅग्माची उष्णता आणि डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी यांची गाठ तिथेच पडते. शिवाय तिथून कडेवर उभ्या असलेल्या तुमच्या पाहुण्यापर्यंत अंतर उरतं ते आल्तिन्यावरून मिरामारला उतरण्याइतकं.

कोणी म्हणेल, यंत्र काय, कशानेही हलतं. बरोबर आहे. आपल्या किनाऱ्याजवळ कुठेही चांगला भूकंपमापक ठेवला तर जून ते सप्टेंबर तो अरबी समुद्राच्या लाटांनी अखंड गुणगुणत राहील. पण ती गुणगुण संथ असते, पाच-दहा सेकंदांना एक हेलकावा अशी. ट्रेमर तिच्याहून कितीतरी वेगवान. वाऱ्याचा, ट्रकांचा, धबधब्याचा गोंगाट वेगळा काढायच्या रीतीही ठरलेल्या आहेत. एकच यंत्र असेल तर फसगत होऊ शकते. डोंगराभोवती पाच-सहा यंत्रं असली आणि सगळ्यांवर रेषा एकदम जाड झाली, विवराजवळच्या यंत्रावर सर्वांत जास्त, तर शंकेला जागा राहत नाही.

एवढं सगळं आहे तर स्फोटाचं भाकीत का करता येत नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कधी कधी येतं. मेक्सिकोत पोपोकातेपेत्ल या पर्वताखालचं ट्रेमर २०००च्या डिसेंबरात इतकं वाढलं, की पायथ्याच्या गावांतून हजारो माणसं हलवली गेली. त्यानंतर जो उद्रेक झाला तो त्या डोंगराच्या कित्येक पिढ्यांतला मोठा होता आणि त्यात माणूस दगावला नाही. एटनावर तर ट्रेमरची उंची चढली की लाव्हाचे फवारे उडणार, हे इतक्यांदा दिसलंय की कातानियाच्या वेधशाळेने त्यावर आपोआप चालणारी इशारा यंत्रणाच बसवली आहे. २ जून २०२५ला एटनाच्या आग्नेय विवराची कड ढासळली आणि राखेचा ढग उतारावरून खाली आला. त्याच्यापुढे धावत सुटलेल्या पर्यटकांचा व्हिडिओ आपल्याकडेही प्रत्येक फोनवर फिरला. त्या दिवशी पहाटेपासून ट्रेमर चढलेलं होतं. ते बघून वर न जाणं शक्य होतं.

दुसरी बाजू जपानच्या ओंताके पर्वताची आहे, आणि तिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या धंद्याशी जितका तिचा संबंध आहे तितका दुसऱ्या कुठल्याच घटनेचा नाही.

२७ सप्टेंबर २०१४, शनिवार. ओंताके ३,०६७ मीटर उंच, चढायला सोपा, रानात शरदाचे रंग आलेले. सुट्टीचा दिवस, हवा स्वच्छ, जेवणाची वेळ झालेली, त्यामुळे माथ्यावर गर्दी. म्हणजे तुम्ही नेमका निवडाल असा दिवस. दोन आठवड्यांपूर्वी, १० आणि ११ सप्टेंबरला, डोंगराखाली बारीक भूकंप दिवसाला पन्नासच्या वर गेले होते. मग ते कमी झाले. डोंगर फुगल्याची खूण उपकरणांवर दिसत नव्हती, म्हणून तिथल्या हवामान संस्थेने धोक्याच्या इशाऱ्याची पातळी १ वरच ठेवली. पाचांतली सर्वांत खालची. ११ वाजून ४१ मिनिटांनी ट्रेमर सुरू झालं. ११ वाजून ४५ मिनिटांनी उतार मोजणाऱ्या उपकरणाने डोंगर फुगत असल्याचं दाखवलं. ११ वाजून ५२ मिनिटांनी स्फोट. लाव्हा नाही, मॅग्मा नाही, नुसती तापलेल्या पाण्याची वाफ आणि तिने उडवलेले दगड. ५८ माणसं मेली, ५ अजून सापडलेली नाहीत. बहुतेकांचा जीव दगड लागून गेला. माथ्यावरच्या झोपड्यांच्या छपराखाली पोचले त्यांतले कित्येक वाचले.

अकरा मिनिटं. यंत्रावर रेषा जाड झाली, ड्युटीवरच्या माणसाने ती पाहिली, वरिष्ठांना विचारलं, इशारा लिहिला, तो फोनवर गेला, चढणाऱ्याने खिशातून फोन काढून वाचला, आणि तो खाली पळाला. हे अकरा मिनिटांत कुठे बसतं? तीन हजार मीटरवर धाप लागलेला माणूस तेवढ्या वेळात दगडांच्या टप्प्याबाहेर जाऊ शकत नाही. आपल्या सहलीत तर पासष्ट वर्षांच्या काकी असतात, गुडघ्याला पट्टा लावलेल्या.

तेव्हा उथळ ट्रेमर हा पळा म्हणून सांगणारा भोंगा समजू नका. पाहुण्यांना तिथे न्यायचं की नाही, हे हॉटेलात बसून ठरवायचा आधार तो आहे. पुढचं सगळं मी याच एका गोष्टीसाठी लिहितोय.

न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ला जे झालं ते तर थेट सहलवाल्यांचंच प्रकरण. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचं डोकं. विवरापर्यंत चालत नेणाऱ्या सहली तिथे नेहमीच्या होत्या. १८ नोव्हेंबरला पातळी २ वर नेली गेली, कारण ट्रेमर आणि गंधकाचा वायू दोन्ही वाढले होते. तरी सहली चालू राहिल्या. त्या दुपारी २ वाजून ११ मिनिटांनी स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. त्यांतली २२ गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांना आयुष्यभराच्या भाजल्याच्या जखमा. आदल्या रात्री काही तास कंपनाचा एक जोरदार झटका येऊन गेला होता, हे तिथल्या संशोधकांनी नंतर नोंदी उलगडून दाखवलं. पुढे खटले चालले, सहल कंपन्यांना दंड आणि मोठी भरपाई भरावी लागली. न्यायालयातला प्रश्न डोंगराने काय केलं हा नव्हता. जोखीम माहीत असताना तुम्ही पाहुण्यांना काय सांगितलंत, हा होता.

यातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. न्यूझीलंडच्या मोजपट्टीत पातळ्या ० ते ५ आहेत आणि २ ही स्फोट झालेला नसतानाची सर्वांत वरची पातळी आहे. जपानमध्ये १ ते ५, इंडोनेशियात १ ते ४, इटलीत हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल. म्हणजे एका देशातलं ‘दोन’ आणि दुसऱ्या देशातलं ‘दोन’ यांचा अर्थ निराळा. ‘फक्त लेव्हल टू आहे’ हे मी तुमच्यापैकी एकाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहिलं.

इंडोनेशियाच्या ज्वालामुखी खात्याचे अहवाल रोज, दिवसातून अनेकदा, सगळ्यांना खुले असतात. बहासा भाषेत असले तरी आकडे वाचायला भाषा लागत नाही. एक अहवाल उघडा. डोंगराचं नाव, पातळी, ढग-वारा, विवरातून निघणाऱ्या धुराची उंची आणि रंग, आणि मग भूकंपांची यादी. तिच्यात ‘त्रेमोर मेनेरुस’ अशी ओळ दिसली तर ते अखंड ट्रेमर. पुढे मिलिमीटरमध्ये दोन आकडे असतात, समजा अर्धा ते दोन, आणि बहुतांश वेळ एक. हे मिलिमीटर जमिनीचे नव्हेत, यंत्राने काढलेल्या रेषेच्या उंचीचे. त्यामुळे एका डोंगराचा आकडा दुसऱ्या डोंगराशी ताडून काही कळत नाही. त्याच डोंगराचे मागच्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे काढून शेजारी ठेवा. ब्रोमोसारख्या डोंगरावर थोडंफार ट्रेमर हे रोजचं असतं. ते अर्ध्यावरून तीन-चारवर गेलं की मात्र कॉफी बाजूला ठेवून फोन उचलायचा. पाच मिनिटांचं काम आहे. वहीत आकडे लिहायची सवय लावली तर दोनच.

ब्रोमोचा विषय निघालाच आहे तर, पायथ्याच्या वाळूच्या मैदानातलं तेंगेर हिंदूंचं देऊळ तुम्ही आवर्जून दाखवता, विवरात फळं-धान्य अर्पण करायच्या कासादाच्या उत्सवाबद्दल सांगता, आणि आमची माणसं हात जोडतात. छान आहे ते. पण २००४च्या जूनमध्ये त्याच विवराच्या अचानक स्फोटात दोन पर्यटक गेले, हेही त्याच बसमध्ये सांगायला हवं. पातळी २ असली की विवरापासून एक किलोमीटरच्या आत जाऊ नका, अशी खात्याची सूचना असते. जीपवाला म्हणतो, कोणी बघत नाही, थोडे जास्त द्या. हा व्यवहार कोणाच्या खिशातून होतो ते आपण सगळे जाणतो.

सुमात्राच्या मरापीवर सूचना मोडण्याची किंमत कळली. पातळी २ बरीच वर्षं चालू होती आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जायला मनाई होती. चढणं मात्र सुरूच. ३ डिसेंबर २०२३ला डोंगर फुटला आणि २४ चढाईवाले मेले. त्या वेळी ठळक अशी पूर्वसूचना यंत्रांनी दिलीच नाही. म्हणजे ट्रेमर नसलं की सगळं आलबेल, असंही धरता येत नाही. उलट भेगेचं तोंड खनिजांनी बुजलं की वायू अडकतो, कंपन उतरतं आणि दाब आत साठत राहतो. निकाराग्वातल्या तेलिका ज्वालामुखीवर २०११ साली झालेल्या स्फोटांचा अभ्यास झाला, तेव्हा स्फोटाआधी कंपनं थांबलेली आढळली, आणि ही शांतता जितकी लांबली तितका पुढचा स्फोट मोठा. कोलंबियातल्या गालेरासच्या विवरात १४ जानेवारी १९९३ला सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मरण पावले. ते शास्त्रज्ञ ज्वालामुखींवरच्या परिषदेसाठी जमले होते. डोंगर शांत वाटत होता. यंत्रावर फक्त स्क्रूच्या आट्यांसारखी निमुळती होत जाणारी थोडीशी कंपनं उमटत होती, आणि त्यांचा अर्थ काय लावायचा यावर एकमत नव्हतं. ज्यांचा जन्म या विषयात गेला त्यांची ही गत, तर पत्रकावर ‘१०० टक्के’ छापणाऱ्याच्या धाडसाला काय म्हणावं?

म्हणून इंडोनेशियात अंतराची मर्यादा ही ट्रेमरच्या आकड्याहूनही वरची समजा. आकडा कितीही गोड दिसो, मर्यादेच्या आत पाऊल नाही.

वेधशाळांवर राग काढण्यातही अर्थ नाही. बालीच्या आगुंगचं २०१७ साली काय झालं ते तुमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. २२ सप्टेंबरला पातळी ४. लाखाच्या वर माणसं घरंदारं, गुरं सोडून छावण्यांत गेली. दिवसाला शेकड्यांनी भूकंप, पण स्फोट नाही. महिना गेला, २९ ऑक्टोबरला पातळी उतरवली, बुकिंग पुन्हा सुरू झाली, आणि २१ नोव्हेंबरला डोंगराने राख फेकायला सुरुवात केली. त्याच महिन्याच्या अखेरीस विमानतळ बंद पडला आणि हजारो पर्यटक अडकले. वेधशाळेने चूक केली असं तेव्हा खूप जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. मॅग्मा वर चढला, थांबला, परत चढला. तो वेळापत्रकाने चालत नाही, आणि तुमची सहल मात्र वेळापत्रकावरच उभी असते. खरी अडचण ही आहे.

विमानांचंही तेच. २०२५च्या जूनमध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीच्या राखेमुळे दिल्लीहून बालीला निघालेलं विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरलं. बाली तिथून कित्येक मैल दूर. मोप्याहून किंवा दाबोळीहून निघालेला तुमचा गट मध्ये कुठेतरी अडकला तर दोन रात्रींचं हॉटेल कोण देणार, हे पत्रकात कुठेही नसतं. विम्याच्या कागदात ज्वालामुखीबद्दल काय लिहिलंय ते माहिती-सभेत मोठ्याने वाचून दाखवा, एवढीच विनंती. बाकी पाहुणे बघतील.

ज्वालामुखी म्हणजे परदेशातलाच, असं समजू नका. देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) सुमारे १४० किलोमीटर. १९९१मध्ये दीडशेहून जास्त वर्षांच्या झोपेतून उठला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोय. आणि त्याचा गोव्याशी संबंध आहे बरं का. आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ २३ जानेवारी २०१७ला ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून त्या बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने काढत होते, तेवढ्यात डोंगराने राख ओकायला सुरुवात केली. त्यांनी काय केलं? जहाज साधारण मैलभर लांब नेलं आणि तिथून बघत राहिले. पाच-दहा मिनिटांचे झटके येत होते. दिवसा नुसते राखेचे ढग, सूर्य बुडाल्यावर मात्र विवरातून उडणारे लाल फवारे आणि उतारावरून वाहणारा लाव्हा. याच संस्थेने अंदमानच्या समुद्रात तळाशी भूकंपमापक ठेवून पाण्याखालच्या कंपनांचाही माग काढला आहे. पणजीहून बसने अर्ध्या तासावर एवढी जाणती माणसं बसलीत. तुमच्यापैकी कोणी कधी एखादं व्याख्यान ठेवा म्हणून त्यांच्याकडे गेलात? बॅरनला सहल नेताच तर बेटावर उतरण्याची भाषा करू नका. पर्यटकांना तिथे उतरता येत नाही, बोटीतूनच बघायचं असतं. आणि खरं सांगायचं तर रात्रीच्या अंधारात बोटीतून बघण्याची सर विवराच्या काठावरच्या सेल्फीला नाही.

व्हॉट्सअॅपवर येणारं ‘गोव्याखाली ज्वालामुखी जागा होतोय’ वगैरे मात्र सोडून द्या. चोर्ला घाट चढताना सत्तरीच्या टोकाला जो काळा दगड लागतो तो ज्वालामुखीचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आता खाली काही शिल्लक नाही. हवं तर बसमध्ये हे सांगा, फुकटची माहिती आहे आणि लोकांना आवडते.

आता मागणं. ज्वालामुखीच्या सहली बंद करा असं मी म्हणत नाही. ज्याने जिवंत डोंगर पाहिला नाही त्याने पृथ्वी अर्धीच पाहिली असं मानणारा मी माणूस. माझं म्हणणं एवढंच, की विवराचा कार्यक्रम पत्रकात ‘नक्की’ म्हणून विकू नका. गटाबरोबर जाणाऱ्या तुमच्या माणसाला निघण्याआधी दोन आठवडे रोज त्या डोंगराची पातळी आणि ट्रेमर लिहायला लावा, आणि आदल्या रात्री न जाण्याचा अधिकार त्यालाच द्या. पणजीच्या ऑफिसातून फोन करून त्याला ‘जाऊंदी रे’ म्हणू नका. दुसरा कार्यक्रम आधीच ठरवून ठेवा. बातूरला न चढता समोरच्या किंतामणीच्या कड्यावरून तोच डोंगर, तोच तलाव, तोच सूर्योदय दिसतो, आणि गुडघे दुखणाऱ्या काकी तुम्हाला दुवा देतील. काठावर गेलातच तर थोडा वेळच थांबा, गटातल्या दमेकऱ्यांना नेऊ नका, आणि आडोसा कुठे आहे ते चढतानाच दाखवून ठेवा.

जीपवाल्याला, वाटाड्याला दिलेले आगाऊ पैसे बुडतात, ते मला कळतं. सहलीचा हिशेब किती ओढाताणीचा असतो तेही ठाऊक आहे. पण ती रक्कम सहलीच्या एकूण किमतीत किरकोळ असते. ती पहिल्यापासून वेगळी दाखवा. गेलो तर घेऊ, नाही गेलो तर परत, असं सांगितलं की माणूस समजून घेतो. न सांगता रद्द केलं की भांडतो. यात आमच्या लोकांचाही दोष आहे. पैसे दिलेत म्हणजे डोंगर दिसलाच पाहिजे, ढग आले तरी आयोजकाला जबाबदार धरायचं आणि परत आल्यावर गावभर बदनामी करायची, ही आमची रीत. तुम्ही ‘१०० टक्के’ छापता ते याच भीतीने, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही.

तेव्हा या हंगामाची पत्रकं छापायला जाण्याआधी त्या ठळक ओळीच्या जागी ही ओळ घाला, तितक्याच ठळक टायपात: ‘विवरापर्यंत जायचं की नाही हे आदल्या रात्री तिथल्या वेधशाळेची पातळी, ट्रेमर आणि अंतराची मर्यादा बघून ठरेल, न गेल्यास त्या भागाचे पैसे परत मिळतील.’ कोंकणीतूनही लिहून देईन. आणि एखाद्या रविवारी फोंड्याला तुमच्या सगळ्या गटप्रमुखांना एकत्र बोलवा. इंडोनेशियाचे आणि इटलीचे अहवाल पडद्यावर लावून ते कसे वाचायचे ते दाखवतो. दोन तास पुरतात. मानधन नको, चहा आणि मिरची-भजी सांगा.

आपला,
फोंड्याचा एक निवृत्त भूगोल शिक्षक